दर पावसाळ्यात टाकीतली बेडकाची पिल्लं मरतात? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मिरग लागला की पंधरा दिवसांत माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. टाकीत, दोणीत किंवा परसातल्या जुन्या टबात बेडकाची पिल्लं निघाली होती, ती मेली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवताना गेली अठरा वर्षं मी ही तक्रार ऐकते आहे आणि जमेल तिथे जाऊन पाहते आहे. कारणं फार नाहीत. पण शोधायचा क्रम चुकला की लोक दुकानातून औषध आणून पाण्यात टाकतात आणि खरं कारण टाकीच्या कडेला तसंच पडून राहतं.

पाठ्यपुस्तकात या पिल्लांना भैकेर म्हणतात, शाळेतली मुलं टॅडपोल म्हणतात. मी इथे नुसतं पिल्लं म्हणते.

लक्षणं

हात लावण्याआधी पाच मिनिटं पाण्याकडे बघा आणि यातलं कोणतं जुळतं ते ठरवा.

– पिल्लं अंड्यांतून बाहेर आली आहेत, पण हलत नाहीत. भिंतीला किंवा रिकाम्या जेलीला चिकटून लटकली आहेत.
– काल संध्याकाळपर्यंत पोहत होती, सकाळी सगळी एकदम मेलेली.
– रोज थोडी थोडी मरतात. पाणी दुधाळ झालं आहे, वास येतो.
– संख्या घटते आहे, पण मेलेलं एकही सापडत नाही.
– मागचे पाय आले, पुढचे आले, आणि मग मेली.

ही पाच दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. रोज दोनचार पिल्लं कमी होणं हा मात्र दोष नव्हे. भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची, एक मादी जेलीच्या लांब माळांमधून हजारो अंडी घालते आणि त्यांतली अगदी मोजकी जमिनीवर पोचतात. एका दिवसात अर्ध्याहून जास्त गेली, किंवा दर वर्षी त्याच सुमाराला तसंच घडलं, तरच मी शोधाला लागते.

आणखी एक: एका वेळी एकच बदल करा आणि दिवसभर थांबा. पाणी बदललं, टब सावलीत नेला, खाणंही बंद केलं, आणि पिल्लं जगली, तर नक्की कशाने जगली ते कळत नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली तपासणी: ती खरंच मेली आहेत का?

खर्च काही नाही, लागतो तो एक दिवस. इतक्या घरी इथेच चूक झालेली पाहिली आहे की मी हे सगळ्यात वर ठेवलं आहे.

अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू आपल्या मनातल्या चित्रासारखं नसतं. त्याला धड पोहता येत नाही. तोंड अजून उघडलेलं नसतं. तोंडाच्या खालच्या बाजूला एक चिकट ग्रंथी असते, तिच्या आधाराने ते कशाला तरी लटकून राहतं. मानेजवळ बाहेरच्या कल्ल्यांचे बारीक झुपके असतात. पोटात अंड्याचा बलक शिल्लक असतो, त्यावर ते वाढतं. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात ही अवस्था साधारण दोन ते चार दिवस टिकते. मग कल्ल्यांवर त्वचेचं आवरण येतं, तोंड उघडतं, ओठांवर खरवडायचे बारीक दात तयार होतात आणि पिल्लू खायला लागतं. गॉस्नर या संशोधकांनी १९६० साली बेडकाच्या वाढीच्या ४६ पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या पंचविसाव्या पायरीला पिल्लू स्वतः खाऊ लागतं. त्याआधी आपण दिलेलं काहीही त्याच्या पोटात जात नाही.

मडकईच्या एका घरी आईने अशी निश्चल पिल्लं पाहिली, मेली असं समजून टब माडाच्या आळ्यात ओतला आणि रडणाऱ्या मुलाने मला फोन केला. मी पोचले तेव्हा पाऊस पडत होता आणि आळ्यातल्या ओल्या पाचोळ्यावर काही पिल्लं अजून शेपूट मारत होती. त्या मुलाने आणि मी चमच्याने अकरा पिल्लं उचलली. बाकीची चिखलात गेली होती. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं दुःख मला अजून आठवतं. हे त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून मी ते दर वर्षी सांगते.

कसं ओळखायचं? जिवंत पिल्लू काळं किंवा तपकिरी आणि टवटवीत दिसतं. ओल्या गवताच्या काडीने त्याच्या शेजारचं पाणी हलवलं की शेपटीला झटका येतो. पिल्लाला टोचू नका. मेलेलं पिल्लू राखाडी-पांढरं पडतं, आकार सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कापसासारखी बुरशी चढते. शंका असेल तर २४ तास तसंच ठेवा. बुरशी चढलेली अंडी आणि मेलेली पिल्लं मात्र चमच्याने काढून टाका, कारण ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात.

याच जोडीला: भेकाची काळी पिल्लं दिवसा उथळ, उबदार काठाला थवा करून राहतात. ते आजारपण नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर यांच्या गटाने या पिल्लांवर पुष्कळ काम केलं आहे. एकाच जोडप्याची पिल्लं आपल्या भावंडांना ओळखतात आणि त्यांच्याजवळ राहणं पसंत करतात, असं त्यांना दिसलं. तो थवा मोडून पिल्लं टाकीभर पसरवण्याची काही गरज नाही.

दुसरी: खाणं थांबवा

पाणी दुधाळ आणि वास, हे लक्षण असेल तर दहातल्या आठ वेळा पावाचे तुकडे सापडतात. नाहीतर शीत, चपाती, माशांचं खाद्य. मुलं प्रेमाने टाकतात. ते कुजतं, जंतू वाढतात, प्राणवायू संपतो आणि अमोनिया साचतो. पिल्लं कल्ल्यांनी आणि त्वचेने श्वास घेतात, त्यामुळे दोन्हींचा मार त्यांना थेट बसतो.

पहाटे जाऊन बघा. रात्रभर शेवाळाने प्राणवायू वापरलेला असतो, म्हणून पाण्यात तो सगळ्यात कमी पहाटेच असतो. त्या वेळी सगळी पिल्लं पृष्ठभागाला तोंड लावून असतील आणि ऊन आल्यावर खाली जात असतील, तर पाणी गुदमरलेलं आहे. मोठी झालेली काही जातींची पिल्लं अधूनमधून हवा घ्यायला वर येतातच, ते साहजिक आहे. सगळ्यांनी एकदम वर राहणं साहजिक नाही.

उपाय: खाणं बंद, तळाचा गाळ नळीने ओढून घ्या, आणि एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी जुन्याइतक्याच उबेचं हवं, आणि ते केळीच्या पानावरून हळू सोडायचं. सगळं पाणी एकदम बदलू नका. पुढे खाणं म्हणून ओढ्यातला किंवा दोणीतला शेवाळलेला दगड ठेवला की पुरतं. तो नसेल तर उकडलेल्या पाल्याचा नखाएवढा तुकडा, तोही संध्याकाळी काढून टाकायचा. काही छोट्या बेडकांची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात आणि पाण्यात अधांतरी तरंगतात. ती पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातात, पाला कुरतडत नाहीत. त्यांना हिरवट जुनं पाणीच हवं असतं, स्वच्छ पाण्यात ती उपाशी मरतात.

तिसरी: ऊन

जूनमध्ये पाऊस चार दिवस दडी मारतो आणि उघडीप पडते, तेव्हा अंगणातला उथळ टब दुपारी तापतो. दुपारी दोन वाजता हात घाला. अंघोळीच्या पाण्यासारखं लागलं तर कारण सापडलं. सावली करा, पण अर्ध्याच भागावर. पिल्लांना ऊबही लागते, ती आपली आपण जागा निवडतात. खोली किमान वीतभर ठेवा.

चौथी: मेलेलं दिसत नाही, तर गेली कुठे?

आधी सांडवा बघा. गोव्याच्या पावसात टाकी एका रात्रीत भरून वाहते, आणि नुकतं निघालेलं पिल्लू प्रवाहात टिकत नाही. सांडव्याला मच्छरदाणीचा तुकडा बांधा. पंप लावत असाल तर त्याच्या तोंडालाही.

मग शत्रू. टाकीच्या कोपऱ्यातला पाचोळा पांढऱ्या थाळीत झटका आणि बघा. चतुराच्या अळ्या, पाणकिडे, पाणविंचू हे सगळे पिल्लं खातात. दिवड येऊन गेली तरी मागे काही उरत नाही. मोठ्या पिवळ्या बेडकाची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला शेतात हाका घालणाऱ्या बेब्याची पिल्लं मांसाहारी असतात. ती भेकाच्या पिल्लांना खातात, स्वतःच्या भावंडांनाही सोडत नाहीत. एखादं पिल्लू इतरांहून दुपटीने मोठं आणि एकटं फिरताना दिसलं तर बहुधा तेच. उघड्या डबक्यात हे चालायचंच, तिथे मी हात घालत नाही. टबात असेल तर त्याला वेगळं ठेवा.

गप्पी मासे असतील तर शोध तिथेच संपला. डासांसाठी ते विहिरीत, टाकीत सोडलेले असतात आणि ते अंडी व कोवळी पिल्लं टिपतात. मासे काढू नका, डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ते आपलं काम करत आहेत. पिल्लांसाठी दुसरं भांडं ठेवा आणि त्याला बारीक जाळी लावा म्हणजे त्यात डास होणार नाहीत.

आणि पुढचे पाय फुटल्यावर मरतात ती बुडून मरतात. त्या दिवसांत शेपूट आटत असते, तोंडाची ठेवण बदलत असते, खाणं बंद असतं, आणि श्वास फुप्फुसांवर आलेला असतो. सरळ उभ्या भिंतीच्या टाकीत त्यांना टेकायला जागा नसते. नारळाचं सोडण किंवा तिरकी फळी टाका. यासाठी पैसे लागत नाहीत.

पाचवी: पाणी कुठलं आणि भांडं कशाचं

रात्रीत सगळी मेली असतील तर इथे या.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पसरट भांड्यात, उघड्यावर, एक-दोन दिवस ठेवलं की तो बहुतेक उडून जातो. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच वापरा. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. कुणी, कधी टाकली ते शेजाऱ्यांना विचारा. घरच्यांना पुष्कळदा माहीतच नसतं. नुकत्या उपसलेल्या खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर उघडं ठेवून, दोनचार वेळा एका बादलीतून दुसरीत ओतून वापरा.

भांडं तांब्याचं असेल तर लगेच बदला. आपल्याकडे न्हाणीतलं जुनं भाण अंगणात पडलेलं असतं, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि मुलं हौसेने त्यात पिल्लं सोडतात. पावसाचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं, त्यात तांबं थोडं थोडं उतरतं. माणसाला न जाणवणारं प्रमाणही पिल्लांच्या कल्ल्यांना पुरेसं घातक ठरतं. जस्ताच्या बादलीचं आणि नव्या पत्र्यावरून आलेल्या पाण्याचंही तेच.

नवी सिमेंटची टाकी असेल तर चुना पाण्यात उतरतो. पाणी आम्ल आहे की चुनखट हे दाखवणारी पीएच पट्टी माशांच्या दुकानात मिळते, तिने बघा. ६.५ ते ८ च्या दरम्यान ठीक, ९ च्या वर असेल तर त्या टाकीत या वर्षी पिल्लं नकोत. भरा, चारपाच दिवसांनी रिकामी करा, पुन्हा भरा, पट्टी खाली येईपर्यंत. कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, जुनी माणसं केळीचा खुंट चिरून नव्या टाकीत कुजवतात. मी तसं करून पाहिलं आहे आणि उपयोग होतो. पण नंतर टाकी पूर्ण धुवावी लागते, नाहीतर कुजलेलं पाणीच पिल्लांना मारतं.

तुमचे हातही तपासा. डासांचं मलम लावलेला हात पाण्यात घालू नका, साबण राहिलेला तर मुळीच नको.

सहावी: दोन बरण्या

इथवर काही सापडलं नाही तर माझा भरवसा याच तपासणीवर आहे. काचेच्या दोन स्वच्छ बरण्या घ्या. एकीत संशयित टाकीचं पाणी, दुसरीत जवळच्या अशा डबक्याचं पाणी जिथे पिल्लं धडधाकट आहेत. दोन्हींत पाच-पाच पिल्लं, दोन्ही बरण्या एकाच सावलीत, खाणं नाही. दोन दिवस बघा.

पहिलीतली मेली आणि दुसरीतली जगली, तर दोष पाण्यात आहे. दोन्हींतली जगली, तर पाणी ठीक आहे, टाकीतलं ऊन, शत्रू किंवा सांडवा पुन्हा बघा. दोन्हींतली मेली, तर पिल्लांना आधीच काहीतरी झालेलं आहे. तिथे थांबा, खाली सांगते. काम झालं की डबक्याचं पाणी टाकीत ओतू नका, जमिनीवर ओता. रोग असाच एका पाण्यातून दुसऱ्यात जातो.

सातवी: कुळागरातली फवारणी

ही तपासणी कठीण आहे, कारण इथे माणसांशी बोलावं लागतं. पण पोफळीच्या बागेतल्या टाकीत दर वर्षी तेच घडत असेल तर मी आता आधी इथेच येते.

सावईवेऱ्याकडच्या एका कुळागरात चिऱ्यांची जुनी टाकी आहे. दर जूनला भेक तिथे माळा घालायचे, पिल्लं निघायची आणि आठवड्याच्या आत सगळी मरायची. पहिल्या वर्षी मी ऊन म्हटलं, सावली केली. दुसऱ्या वर्षी पाणी बदललं. तिसऱ्या वर्षी दोन बरण्यांत दोष पाण्यात आहे हे दिसलं आणि तेव्हा कुठे मी बागेच्या मालकांना विचारलं, "भाऊ, फवारणी कधी केली?" त्यांनी मजुरीची वही काढली. तिन्ही वर्षं फवारणीनंतर दोन दिवसांत पिल्लं गेली होती.

कोळेरोगासाठी पोफळीवर बोर्डो मिश्रण मारतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पहिली फवारणी पाऊस धरायच्या सुमाराला, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. मोरचूद म्हणजे तांब्याचंच संयुग. आणि बेडूक अंडी घालतात तेही नेमके त्याच पहिल्या पावसात. त्या बागेत मिश्रणाचं पिंप टाकीच्या काठावरच धूत होते. चिऱ्यावरचा निळा डाग मी तीन वर्षं पाहिला होता आणि विचारलं नव्हतं.

फवारणी बंद करा असं मी त्यांना सांगितलं नाही आणि कुणालाच सांगणार नाही. कोळेरोगाने सुपारीचा घड गळला तर वर्षाचं पीक जातं. आम्ही एवढंच केलं: पिंप आणि पंप टाकीपासून लांब, पाटाला उतार नसलेल्या जागी धुवायचे. फवारणीच्या दिवशी टाकीवर ताडपत्री, ती पहिली मोठी सर बागेवरून वाहून जाईपर्यंत तशीच. त्या दिवसांत पाटाचं तोंड बंद. उन्हाळ्यात टाकीचा गाळ काढला, कारण तांबं तळाच्या गाळात साठून राहतं. तो गाळ कुठे टाकायचा हे कृषी कार्यालयात विचारून ठरवलं. चौथ्या वर्षी त्या टाकीतून सुपारीच्या फोडीएवढी लहान भेकं बाहेर आली. मालकांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं.

इथे थांबा

पुढच्यातलं काहीही दिसलं तर घरगुती तपासणी बंद करा.

पिल्लांबरोबर मासे, खेकडे किंवा पक्षीही मेले. विहीर पिण्याची आहे आणि तिच्यात एकदम मृत्यू झाले. पाण्याला औषधाचा वास आहे किंवा वर तेलकट तवंग आहे. वाड्यावरच्या दोनतीन टाक्यांत एकाच दिवशी तेच घडलं. ही बेडकांपुरती गोष्ट राहत नाही, त्याच पाण्यावर मुलं आणि गुरं आहेत. पाणी वापरणं लगेच थांबवा, गुरांनाही देऊ नका. स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून झाकण लावा, तारीख-वेळ लिहा. पंचायत आणि आरोग्य केंद्राला कळवा, फवारणीचा संशय असेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयालाही. पाण्यात चुना, तुरटी, ब्लीचिंग असलं काहीच स्वतः टाकू नका, कारण मग काय झालं होतं ते प्रयोगशाळेलाही कळत नाही. मेलेले जीव कोंबड्यांना घालू नका.

पिल्लांच्या पोटावर किंवा पायांवर लाल डाग आहेत, अंग फुगलं आहे, आणि दोन्ही बरण्यांतली मेली, तर रोगाचा संशय आहे. त्यावर द्यायचं औषध तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही. गोवा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे किंवा वनखात्याकडे विचारा. त्या टाकीतली भांडी, जाळी दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.

आणि उरलेली पिल्लं "चांगल्या तळीत" सोडायला निघू नका. कोवळ्या पिल्लावरून जात ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं. गोव्याच्या जांभ्याच्या पठारांवरच्या एका बेडकाची नवी जात म्हणून नोंद झाली ती २०१८ साली, आणि तिला "गोएमची" हे नाव मिळालं. असे जीव आपल्या टबात असतील तर आपल्याला कळणारही नाही. जिथली पिल्लं तिथल्याच पाण्यात जगवायची. बेब्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते पकडून किंवा पाळून चालत नाही.

मला किंवा कुणा जाणकाराला विचारताना एवढं लिहून ठेवा: अंडी कधी दिसली आणि ती माळेत होती, गोळ्यात होती की फेसात, पिल्लं कधी निघाली, पाणी कुठलं, भांडं कशाचं, शेवटचं काय पाण्यात पडलं, आजूबाजूला फवारणी कधी झाली. आणि एक फोटो, पाण्याच्या अगदी जवळून, उजेडात, पिल्लाशेजारी भाताचा एक दाणा ठेवून.